तुसावरचा संसार

वेल्हे महालात पाऊस पडतो असे म्हणणे हे अर्धेच सत्य होय. पाऊस चार महिने पडतो, परंतु ओल वस्तीला येते ती त्याच्या आधीच आणि जाते ती त्याच्या पुष्कळ मागाहून. मृग निघाला की तोरण्याचा माथा ढगांत गडप होतो, आणि मग घरातल्या मिठाला पाणी सुटते, कातडी वहाणांवर हिरवट बुरशी चढते, कचेरीतल्या दप्तरांची पाने एकमेकांस चिकटून बसतात. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तोवर राजगड-तोरण्याचा हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे होता. पुढे राज्य बदलले, जमाबंदी बदलली, महालाचा तालुका झाला, पण या ओलीचा अंमल कोणाला उठवता आला नाही. माझा तिच्याशी जो आयुष्यभराचा दावा चालू आहे, तो मात्र हातभर उंचीच्या एका पत्र्याच्या रिंगणापुरताच आहे, आणि त्या रिंगणात कोंबडीची पिले वाढतात.

आमच्या आजीला ब्रूडर, म्हणजे कोंबडीऐवजी पिलांना ऊब देणारी यांत्रिक सोय, ठाऊक नव्हता. कोंबडी खुडूक बसली की आजी पाटीत तूस पसरी, त्यावर अंडी मांडी आणि एकविसाव्या दिवसाची वाट पाहत राही. पिले निघाली की ती दिवसभर आईच्या मागोमाग परसात, उकिरड्यावर, गोठ्याच्या वळचणीला हिंडत आणि तिन्हीसांजेला डालग्याखाली जात. त्या पिलांची घाण कोणी काढल्याचे मला स्मरत नाही, आणि याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगले: कोंबडी आपल्या पिलांना त्यांच्याच विष्ठेपासून प्रत्यही दूर नेत असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही; घार, मुंगूस आणि मानमोडी यांचा वसूल चुकता झाल्यावर आजीच्या पदरी जे उरे, ते फारच थोडे असे.

पुढे आम्ही भोरला राहावयास आलो आणि पिले खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येऊ लागली. अंड्यातला उरलासुरला बलक पोटात ओढून घेऊनच पिलू बाहेर पडते, आणि त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस अन्नावाचून प्रवास करू शकते, ही निसर्गाची तजवीज नसती तर एक दिवसाच्या पिलांचा हा व्यापार जन्मासच आला नसता. चुलत्यांनी पडवीत गोल पत्रा उभा केला, कारण कोपरा असला की पिले त्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. वर विजेचे दिवे टांगले, खाली दोन-तीन बोटे जाडीचे तूस पसरले, त्यावर वर्तमानपत्रे अंथरली आणि गूळपाणी ठेवले. पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्यास पाच अंश कमी, हा हिशेब त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. पण तापमापकाकडे ते क्वचितच पाहत. पिले दिव्याखाली गर्दी करून चिवचिवू लागली की थंडी, चोची उघडून पत्र्याकडे सरकली की उकाडा, आणि सगळी एकाच बाजूस गोळा झाली की कोठून तरी वारा येतो आहे, एवढे त्यांस पुरत असे.

ऊब मिळाली की पिलू जगले, असा लोकांचा समज असतो. वस्तुतः ब्रूडरच्या या यंत्राला ऊब तेवढी देता येते. कोंबडीसारखे उठून चालू लागणे त्याच्या स्वभावात नाही, आणि त्यामुळे जेथे खायचे, तेथेच हगायचे आणि तेथेच निजायचे, अशी पिलांची अवस्था होते. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ते पक्व होण्यास ऊब, हवा आणि ओल ही तिन्ही लागतात, आणि ती मिळाली तर दोन दिवसांत त्यांचे काम होते. आता ऊब काढून घ्यावी तर पिले मरतात, हवा कोंडावी तर अमोनियाने त्यांचे डोळे जातात. तेव्हा माणसाच्या हाती उरते ती एकटी ओल.

म्हणून मी सकाळी आधी तुसात हात घालतो. मूठ आवळून सोडली असता तूस भुरभुरत खाली पडले तर ठीक. लाडू वळला गेला तर तेवढा भाग तत्क्षणीच उचलून टाकावा लागतो. हा लाडू बहुधा पाण्याच्या भांड्याभोवतीच सापडतो. भांडे विटेवर, पिलाच्या पाठीच्या उंचीवर ठेवले की सांडणे निम्म्याने कमी होते. उरलेले तूस दाताळ्याने खालीवर करावे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, आणि फारच दमट वाटल्यास त्यात थोडा चुना मिसळावा. दाताळे चालताना जो धुरळा उडतो आणि पिले ज्या त्राग्याने पळतात, ते पाहून मला कित्येकदा वाटते की खुडूक कोंबडीचे उरलेले काम सरकारजमा होऊन माझ्या नावे लागले आहे. तुकडी निघाली की सारे तूस खरवडून भाताच्या खाचरात जाते, जमीन धुऊन चुना मारला जातो, आणि पुढची पिले येईपर्यंत पडवी रिकामी व कोरडी ठेवली जाते. हे शेवटचे पथ्य पुष्कळांना उधळपट्टी वाटते. मला ते औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त वाटते.

या बाबतीत पंचांग मोठे खट्याळ आहे. आमच्या भागात कोंबडीला खरा भाव आषाढी अमावास्येला, गटारीला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की गिऱ्हाईक फिरकतही नाही. सहा आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर त्या दिवसासाठी धरावयाचा, तर त्याची पिले नेमकी मृगाच्या सुमारास, ओल घरात शिरत असतानाच आणावी लागतात. मी सावकाश वाढणाऱ्या गिरिराज जातीची पिले वैशाखात आणतो, म्हणजे पाऊस येईपर्यंत ती दिव्याखालून सुटलेली असतात. तुसाची पोतीही त्याच सुमारास माळ्यावर चढवावी लागतात, कारण आषाढात गिरणीवर जे तूस मिळते ते आधीच भिजलेले असते, आणि गिरणीवाला पैसे मात्र कोरड्या तुसाचेच मोजून घेतो.