टोक वर, तोंड आपल्याकडे

माशांच्या टाकीत नवी पाणवनस्पती लावली की थोड्याच दिवसांत काचेवर तपकिरी ठिपके सरकू लागतात. पानांना चिकटून आलेली अंडी फुटलेली असतात. मग मला पुण्यातल्या कुठल्या तरी पेठेतून फोन येतो, "काका, गोगलगायी झाल्यात, कुठलं औषध घालू?" माझं उत्तर ठरलेलं आहे : औषध राहू दे, आधी एक बाहेर काढ.

कवच धरायचं ते टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून. तोंड उजवीकडे आलं तर बहुधा लिम्निया, डावीकडे आलं तर फायसा. दोघींची कवचं पातळ, तपकिरी आणि टोकदार, त्यामुळे लहान असताना भलेभले फसतात. रंगावर तर मुळीच जाऊ नये, तो पाण्याप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो. ज्यांच्या देव्हाऱ्यात दक्षिणावर्ती शंख आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं : पूजेचा शंख निमुळती पन्हळ वर धरून पाहतात, शास्त्रात तोच उलटा धरतात. म्हणून देवघरातला उजवा शंख शास्त्राच्या हिशेबी डावा ठरतो.

शंका उरली तर तिला पाण्यात सोडावं आणि ती कवचाबाहेर येईपर्यंत भिंग धरून बसावं. हा वेळ मला फार आवडतो. आधी पाय पसरतो, मग शिंगं निघतात. लिम्नियाची शिंगं चपटी, त्रिकोणी. फायसाची लांब, बारीक. फायसाच्या कवचाच्या कडेवर अंगाची नाजूक बोटंही पसरलेली दिसतात. ती दिसली की निकाल लागला.

फायसाचं शास्त्रीय नामकरण १८०५ साली फ्रान्समधल्या नमुन्यांवरून झालं, पण तिचं मूळ उत्तर अमेरिकेत. चपट्या गुंडाळीची इंडोप्लॅनॉर्बिस मात्र आपल्याच तळ्यांतली. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. लांबट, झाकण असलेली मेलॅनॉइडिस दिवसा वाळूत राहते आणि थेट पिल्लं घालते. तिला काढूच नये, ती वाळू हलती ठेवते.

एवढी बारकाई कशाला, असं विचारणाऱ्यांना मी गिमवीचं उदाहरण देतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या आजाराची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. त्या कृमीला आसरा देणारी म्हणून पुढे फेरिसियाचं नाव आलं. जेमतेम काही मिलिमीटरचं, टोपीसारखं कवच; पाहणाऱ्याला ती गोगलगाय वाटतही नाही. इंडोप्लॅनॉर्बिसही गुरांच्या नाकातला शिस्टोसोमा वाढवते. टाकीतच अंड्यातून निघालेलीला मात्र भिऊ नये, तो कृमी तिच्यात बाहेरच्या पाण्यातून शिरतो.

माझ्या टेबलावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने काढलेलं सुब्बा राव यांचं १९८९ चं पुस्तक कायम उघडं असतं. या संस्थेचं एक केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे.

आणि औषधाचं म्हणाल, तर तांब्याच्या औषधाने गोगलगायींबरोबर कोळंबीही मरते आणि मेलेल्या गोगलगायी पाणी नासवतात. माशांचं खाणं कमी करा, संख्या आपोआप उतरते. नकोशा झालेल्या गोगलगायी पाषाण तलावात किंवा मुठेत मात्र कृपा करून सोडू नका, आणि टाकीचं पाणी कुंडीतल्या झाडांना घाला.