काचेआडचं ऊन

‘डॉक्टर, वाळवंटातला प्राणी आहे, जळगावचा उन्हाळा त्याला मानवेलच की!’ बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे ऐकवतो. पहिल्या तपासणीतला माझा निम्मा वेळ हा समज काढण्यात जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, खरं आहे. पण त्याच महिन्यात घरं दिवसभर बंद असतात. खिडक्यांना जाड पडदे, कूलर चालू आणि पिल्लाची काचेची टाकी हॉलच्या कोपऱ्यात. उकाडा भरपूर, सूर्य मात्र नाही. टाकी खिडकीशी सरकवली तरी उपयोग नसतो, कारण सूर्यप्रकाशातला जो यूव्हीबी भाग या प्राण्याला हवा असतो तो काच अडवते.

मूळचा हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. त्या देशाने आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात 1960 च्या दशकातच बंद केली, त्यामुळे आज जगभर घरांत दिसणारे हे प्राणी बंदिस्त पैदाशीतले आहेत. सोबत आलेली आजी टाकीत डोकावून विचारते, ‘हाऊ सरडा शे ना?’ तेव्हा मी हो म्हणतो. सरड्याच्याच कुळातला आहे तो. नातवाला ते आवडत नाही.

कमी यूव्हीबी मिळालेलं पिल्लू मी तळहातावर घेतो आणि बोटाच्या टोकाने खालचा जबडा हलकेच दाबतो. निरोगी जबडा कडक लागतो, याचा रबरासारखा दबतो. मागच्या पायांची बोटं थरथरत असतात, पोट उचलून चालता येत नाही. आम्ही याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतो. घरच्यांना मुडदूस म्हटलं की लगेच उलगडा होतो. यूव्हीबी नाही म्हणून कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही म्हणून खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही, आणि शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागतं. उपचाराने पिल्लू वाचतं, पण वाकलेलं हाड पूर्ण सरळ होत नाही.

म्हणून टाकीत यूव्हीबीची ट्यूब हवीच, रोज 10 ते 12 तास. एका टोकाला दिव्याखाली शेकायचा दगड, तिथे 40 ते 42 अंश. दुसरं टोक 25 ते 28 च्या आसपास. पिल्लू दोन्हींमध्ये ये-जा करून अंग स्वतःच राखतं. मे महिन्यात नेमकं ते थंड टोकच नाहीसं होतं. खोलीच 40 वर गेली तर पळायचं कुठे? शेकताना तोंड उघडं ठेवणं नेहमीचंच; पण थंड बाजूला जाऊनही आ वासून बसलं असेल तर दिवा बंद करा आणि खोली गार करा. काचेची टाकी गच्चीवर उन्हात तर कधीच ठेवू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, थोडा वेळ बाहेर काढा. असं ऊन मात्र फुकट आणि उत्तम.

धुळ्याची अडचण उलटी. तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्याही खाली उतरतो. अंग गार पडलं की पचन थांबतं आणि पोटातलं अन्न तसंच राहतं. दिवे मालवण्याच्या दोन तास आधी शेवटचं खाणं द्या. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. लाल बल्ब नको, रात्र अंधारीच हवी.

आता खाणं. पिल्लाचा मुख्य आहार किडे. चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले रातकिडे टाकीतून काढाच, ते झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात. बहुतेक दिवशी किड्यांना कॅल्शियमची पूड लावा आणि आदल्या दिवशी त्यांनाही गाजर, हिरवा पाला खाऊ घाला, कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच पिल्लाला मिळतं.

इथे खान्देशातला सगळ्यात मोठा धोका येतो. नाकतोडे फुकट मिळतात म्हणून पोरं कपाशीच्या कडेने पकडून आणतात. मावा, तुडतुडे, बोंडअळी यांच्यासाठी त्या पिकावर किती फवारे बसतात ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. विष पचवून जगलेला नाकतोडा पिल्लाला मारू शकतो. स्वयंपाकघरातली झुरळंही याच कारणाने नकोत. विकत मिळणारे, पैदास केलेले रातकिडे घ्या. कुणी रेशीमशेती करणारा ओळखीचा असेल तर रेशमाच्या अळ्या झकास. आणि पावसाळ्याच्या तोंडाला दिसणारा काजवा चुकूनही नको. एक काजवा खाऊन हा प्राणी मेल्याच्या नोंदी आहेत.

हिरवं रोज बारीक चिरून ठेवा, सुरुवातीला ते तोंड लावणार नाही. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं चांगली. पालक, चाकवत, राजगिरा यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते टाळा. केळ्याचा विषय जळगावात काढणं जोखमीचं, तरी सांगतो: केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट असतं. एखादा तुकडा कधीतरी, बस.

बाकी थोडक्यात. तळाला वाळू नको, वर्तमानपत्र पुरे. दोन पिल्लं एकत्र ठेवू नका. ती एकमेकांची बोटं, शेपट्या तोडतात, आणि पालीसारखी यांची शेपटी पुन्हा उगवत नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेलाचा संसर्ग होतो, लहान मुलांना विशेष. आणि कुणी स्वस्तात घोरपडीचं पिल्लू देऊ केलं तर हात लावू नका, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

ट्यूब बसवलेली तारीख तिच्यावरच मार्करने लिहा. उजेड पडत राहतो, पण आतलं यूव्हीबी संपत जातं. साधारण सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते. आणि तपासणीला येताना ताजी विष्ठा कोरड्या डबीत आणा, जंत त्यातच दिसतात. डबी पेढ्यांची नको, आमच्या कंपाउंडरची एकदा फसगत झाली आहे.