अंथरूण पाहून बाटली

इटलीला जाऊन आलेला मराठी माणूस रोमचे भग्नावशेष, व्हेनिसचे कालवे आणि पिसाचा कलता मनोरा यांविषयी तासभर बोलू शकतो. पण तिथल्या जेवणाच्या टेबलावरच्या तांबड्या बाटलीचा विषय निघाला, की वडीलधारे कोणी जवळ नाही ना, हे तो आधी पाहून घेतो. आपल्याकडे 'दारू' या एकाच गाठोड्यात हातभट्टीपासून शँपेनपर्यंत सारे काही कोंबलेले असते. इटलीत वाइन त्या गाठोड्यात बसत नाही. ती तिथे पंगतीतली वस्तू आहे. जेवताना घ्यायची, एखाददुसरा पेला घ्यायची, आणि तीही आजोबांच्या समोर बसून.

मात्र दुकानात शिरले की आपण गांगरतो. एक बाटली सहा युरोंना आणि तिच्याच रंगाची शेजारची साठ युरोंना! फरक कशाचा? हे कोडे सोडवायचे असेल तर तुरीन शहराच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिकडे जावे.

मी गेलो ते ऑक्टोबर सरता सरता. आल्बा या मुख्य गावाहून बारोलो खेडे थोड्याच अंतरावर आहे. सकाळी सगळी दरी धुक्याने भरलेली असते आणि टेकड्यांचे माथे तेवढे बेटांसारखे वर दिसतात. धुक्याला इटालियन भाषेत 'नेब्बिया' म्हणतात. इथल्या मानाच्या द्राक्षाचे 'नेब्बियोलो' हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात, कारण हे द्राक्ष उशिरा, धुक्याच्या दिवसांत पिकते.

बारोलोतल्या एका लहानशा दुकानात मी बाटल्यांच्या किमती वाचत उभा होतो. दुकानदारीणबाई वयस्क होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मला दाराशी नेऊन समोरची टेकडी दाखवली.

"हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो, तिथे नेब्बियोलो," त्या म्हणाल्या. "त्याच्या आजूबाजूला बार्बेरा. ऊन कमी पडते तिथे दोल्चेत्तो. आणि द्राक्ष पिकतच नाही तिथे हेझलनट. माझ्या दुकानातली फळ्यांची मांडणी तशीच आहे."

हेझलनटची ओळख आपल्या मुलांनाही आहे. त्यांच्या पोळीवरचे न्यूटेला १९६४ साली याच आल्बात जन्मले! आपण मात्र वाइनच्या फळ्या खालून वर पाहू.

दोल्चेत्तो म्हणजे 'गोडुली', पण वाइन गोड मुळीच नसते. जांभळट रंगाची, आंबटपणा बेताचा, दोनतीन वर्षांत पिऊन टाकायची. आठ ते बारा युरो, म्हणजे युरोचे शंभर रुपये धरले तर हजाराच्या आसपास. बार्बेरा तिच्याहून आंबट. दहापासून अठरा युरोंपर्यंत चांगली मिळते आणि तेला-लोण्याच्या जेवणाला तिची चव खुलते. त्यावरची 'लांगे नेब्बियोलो' वीस युरोंच्या आगेमागे. द्राक्ष बारोलोचेच, पण मुरवण्याचे दिवस थोडे. बारोलोशी ओळख करून घ्यायची आणि खिसाही सांभाळायचा, तर ही बाटली घ्यावी.

मग स्वतः बारोलो. अकरा गावांच्या शिवारातले नेब्बियोलोच त्यात चालते. कायद्याने ती किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात. एवढा काळ माल तळघरात पडून राहतो, त्याचे व्याज बाटलीवर चढते. चाळीस युरोंपासून सुरुवात होते आणि नामांकित बाटल्या शेकड्यांत जातात. गंमत म्हणजे इतकी महाग वाइन रंगाला फिकी असते. वास गुलाबाचा आणि किंचित डांबराचाही. कोवळ्या बाटलीचा पहिला घोट घेतला तर कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळून येते.

दक्षिणेकडे तोस्कानात हाच हिशेब सांजोवेसे या द्राक्षाचा. (सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही हे द्राक्ष लावलेले आहे.) तिथली नावे मात्र नीट वाचावीत. 'क्यांती' हा विस्तीर्ण मुलुख आहे. 'क्यांती क्लासिको' हा त्याचा जुना गाभा. त्याच्या सीमा १७१६ साली ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोने आखून दिल्या. बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि पंधरा युरोंत ती बरी मिळते. 'ब्रुनेल्लो दी मोंतालचीनो' सुगीनंतर पाचव्या वर्षी बाजारात येते, म्हणून तिची किंमत बारोलोच्या तोडीची. तिचीच धाकटी बहीण 'रोस्सो दी मोंतालचीनो' साधारण निम्म्या पैशांत येते. आणि 'मोंतेपुल्च्यानो'? तोस्कानात ते गाव आहे, पण 'मोंतेपुल्च्यानो दाब्रुत्सो' या बाटलीवर ते निराळ्या प्रांतातल्या निराळ्या द्राक्षाचे नाव आहे! ही दुसरी सहासात युरोंना मिळते आणि तेवढ्या पैशांत तिच्याइतकी भरदार वाइन क्वचितच सापडेल.

याहूनही खालची पायरी म्हणजे सुटी वाइन. आपल्याकडे रॉकेलला जावे तसे गावकरी कॅन घेऊन येतात आणि दोनतीन युरोंना लिटर भरून नेतात. स्वस्ताईला इथे कोणी हसत नाही. पण १९८६ साली याच स्वस्ताईने इटलीला रडवले. मिथेनॉलवरचा कर उतरल्याने ते स्वस्त झाले होते, आणि पाणचट वाइनचा कस वाढवायला काही व्यापाऱ्यांनी ते तीत मिसळले. वीसच्या आसपास माणसे दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. मेले ते दोन्हीकडे साधेच लोक. त्या धक्क्यानंतर इटलीत तपासणी कडक झाली आणि भरपूर पिकवण्यापेक्षा चांगले पिकवण्याकडे शेतकरी वळले. बारोलोच्या गळ्यावर सरकारी क्रमांकाची पट्टी असते, ती घेताना अवश्य पाहावी.

मात्र या भरभराटीचा जाच खालच्या फळीला होऊ लागला आहे. बारोलोच्या शिवारातली जमीन सोन्याच्या भावाने जाते. शेतकऱ्याने तिथे दोल्चेत्तो का ठेवावी? ती उपटून नेब्बियोलो लावतात आणि दोल्चेत्तोचे मळे वर्षागणिक कमी होत आहेत. आपल्याकडे सगळ्यांना हापूसचे कलम हवे म्हणून बांधावरचा रायवळ गेला, त्यातलाच हा प्रकार. बाईंना मी हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बारोलो आम्ही विकतो. घरी दोल्चेत्तो पितो. तीच गेली तर रोज जेवताना काय प्यायचे?"

तेव्हा कोणी तिकडे निघाले असेल, तर माझी शिफारस अशी. रोजच्या जेवणाला दोल्चेत्तो किंवा अब्रुत्सोची बाटली. मित्राच्या घरी जाताना लांगे नेब्बियोलो किंवा काळ्या कोंबड्याची क्यांती. बारोलो एकच घ्यावी, चौघांत वाटावी, तासभर आधी उघडून ठेवावी, आणि सोबत मंद आचेवर शिजलेले सौम्य मटण असावे. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासमोर ती आणू नये. तिखट आणि तुरट यांचे भांडण जिभेवर जुंपते आणि साठ युरो हकनाक जातात. रश्श्याबरोबर गोडुलीच बरी. शिवाय तुम्ही घेतलेल्या एका बाटलीने त्या टेकडीवरची एखादी ओळ आणखी एक वर्ष तरी उभी राहील.