न घेतलेला पगार

रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मंडळीस कांहीं वाचून दाखवावें, ही आमच्या येथील जुनी वहिवाट आहे. परवां अमेरिकेंतील यादवी युद्धाचा इतिहास हातीं होता. १८६३ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्वयंसेवकांची ५४ वी पायदळ पलटण उभी राहिली. शिपाई सारे कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे. १८ जुलैच्या सायंकाळीं ती वॅग्नर किल्ल्यावर चालून गेली. सुमारें ६०० पैकीं २७२ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच पडला. मुलांचे डोळे चमकत होते; आम्हींही आवाज चढविला होता.

पुढचें पान नीरस म्हणून आम्ही उलटणार, तोंच वहिनींनीं विचारलें, “त्यांना पगार काय मिळे?”

त्या पानावर पगाराचीच हकीकत होती! गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर. यांना कबूल तितकेच, पण देऊं केले १०, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ वजा. पलटणीनें पगारच नाकारला. संस्थानानें तूट भरून देऊं केली, तीही घेतली नाहीं. प्रश्न पैशाचा नव्हता, बरोबरीचा होता. अखेर जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान वेतन मान्य केलें.

“आणि तोंवर घरीं मुलांनीं खाल्लें काय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तटावरचें शौर्य एका सायंकाळचें. हें वर्षाहून अधिक काळाचें, आणि त्याचा अर्धा भार रित्या चुलीपाशीं बसलेल्या बायकांनीं वाहिला. तेंच पान आम्ही उलटणार होतों!