‘डी’ कुणाचा?

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी कॉम्प्युटर उघडून पाहिलाय? खरोखर उघडून हं! मागचे स्क्रू काढून, पत्रा बाजूला सरकवून! ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊकच आहे की आत जादूबिदू काही नसते. एक मोठा हिरवा बोर्ड, खाचांमध्ये उभी बसवलेली कार्डं, एक-दोन पंखे, वायरींचं जंजाळ आणि वर्षानुवर्षांची धूळ. मी पहिल्यांदा तो उघडला आणि त्याच दिवशी घरात असा घोटाळा करून ठेवला की आजही आठवला की पोटात गोळा येतो. तोच तुम्हांला सांगणार आहे.

गोष्ट २००० सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. १ जुलै १९९८ला धुळे जिल्ह्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी आठवीत होतो. आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरात दोन कॉम्प्युटर होते. वरच्या मजल्यावर काकांचा पेंटियम आणि खालच्या खोलीत आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, कुणाकडून तरी जुना घेतलेला ४८६.

आबा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर खेडोपाडी फिरले आणि फिरता फिरता अहिराणी शब्द गोळा करत गेले. आमच्या खानदेशात मुलाला ‘आंडोर’ म्हणतात, मुलीला ‘आंडेर’. सगळं म्हणजे ‘बठ्ठं’. हे तर सोपे झाले. पण बैलगाडीच्या प्रत्येक भागाला, जात्याला, पेरणीच्या अवजारांना असे कितीतरी शब्द होते, जे फक्त म्हाताऱ्या माणसांनाच यायचे. आबा ते वहीत टिपून ठेवायचे. पुढे मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा ते सांगायचे आणि आत्या थेट कॉम्प्युटरवर टाइप करायची. नवे शब्द वहीत गेलेच नाहीत. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे!

आता आमचा उद्योग. काकांच्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा एक झकास खेळ होता. पण खेळणारे दोघं, मी आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. रोज भांडण! दादा म्हणाला, “हाच खेळ आबांच्या कॉम्प्युटरवर टाकू. तू खाली खेळ, मी वर.” पण टाकायचा कसा? आबांच्या कॉम्प्युटरला सीडी लावायची सोय नव्हती, होती फक्त फ्लॉपी. एका फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी आणि खेळ होता ६० एमबीचा. करा भागाकार! तब्बल ४२ फ्लॉप्या! तेवढ्या फ्लॉप्यांना पैसे कोण देणार?

मग दादाने तोड काढली. आबांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच काढायची, वर नेऊन काकांच्या कॉम्प्युटरला जोडायची, खेळ उतरवून घ्यायचा आणि डिस्क परत जागेवर. आबांना कळणारही नाही!

एका कॉम्प्युटरचा भाग दुसऱ्याला बसतो तरी कसा, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण १९८१ सालात आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. त्यात जादा कार्डं बसवायला मोकळ्या खाचा ठेवल्या आणि आतल्या जोडणीची माहिती छापून सगळ्यांना दिली. मग इतर कंपन्याही त्या मापाचे भाग बनवू लागल्या. म्हणून एकाची डिस्क दुसऱ्यात चालते. पण सगळंच चालत नाही हं! आम्ही हावरटपणाने आबांच्या रॅमच्या कांड्याही काकांच्या बोर्डावर बसवून पाहिल्या. त्यांना ७२ टोकं, इथल्या खाचेला १६८. कशा बसणार? जोर लावला असता तर बोर्डच मोडला असता.

डिस्क मात्र बसली. एका रुंद चपट्या केबलवर दोन डिस्का जोडता येतात. पण दोघींपैकी एक मोठी, एक धाकटी, असं ठरवून द्यावं लागतं. त्यांची इंग्रजी नावं मास्टर आणि स्लेव्ह. डिस्कच्या पाठीमागे दाढेएवढा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला जंपर म्हणतात. तो योग्य जागी सरकवला की काम झालं. आम्ही आधी दोन्ही डिस्का मास्टरच ठेवल्या होत्या, त्यामुळे कॉम्प्युटर दोघींनाही ओळखेना. डिस्कवरचा तक्ता वाचून जंपर हलवला आणि काय सांगू, पडद्यावर दोन्ही डिस्का हजर! दादाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.

इथपर्यंत सगळं छान. आता ऐका.

काकांच्या डिस्कचे दोन भाग केलेले होते. ‘सी’ आणि ‘डी’. ‘डी’मध्ये आमचा सगळा कचरा. दादा म्हणाला, “लाइट जायच्या आत ‘डी’ साफ करून टाकू, म्हणजे जागा होईल.” त्याने ‘डी’वर उंदीर नेला, फॉरमॅट निवडलं. खात्री आहे ना, असं कॉम्प्युटरने विचारलं. दादाने “हो” म्हटलं. मीही “हो” म्हटलं. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. मग आबांच्या डिस्कवर म्हणून खेळ उतरवायला गेलो तर ‘ई’मध्ये आमचाच कचरा जसाच्या तसा! आणि ‘डी’ मात्र रिकामा. आमच्या डोक्यात काहीच शिरेना. तरी दादाने ‘डी’वर खेळ उतरवलाच.

झालं काय होतं? त्या काळच्या विंडोजमध्ये अक्षरं वाटायची एक पद्धत होती. समजा, शाळेत हजेरी घेताना आधी प्रत्येक तुकडीच्या मॉनिटरचं नाव पुकारलं आणि मग बाकीच्या मुलांची, तर नवी तुकडी आली की सगळ्यांचे नंबर पुढे सरकणार ना? तसंच. आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला अक्षर, उरलेल्या भागांना नंतर. म्हणून आबांची डिस्क जोडताच ती झाली ‘डी’ आणि आमचा जुना ‘डी’ सरकून झाला ‘ई’. आम्ही पुसली होती ती आबांची डिस्क!

आणि खरं सांगू? कॉम्प्युटरने आम्हांला फसवलं नव्हतं. फॉरमॅटच्या चौकटीत ५१५ एमबी हा आकडा स्पष्ट दिसत होता. आमचा ‘डी’ त्याच्या दुप्पट होता. आम्ही तो आकडा वाचलाच नाही.

मी रडतच खाली गेलो. आबा ओट्यावर बसले होते. “काय व्हयनं रे भो?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. आबा काही बोलले नाहीत. बराच वेळ बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आत्याने मात्र एक शहाणपणा केला. “कॉम्प्युटर बंद करा, एक अक्षरही आता त्यावर लिहू नका!” कारण असं की, असं झटपट फॉरमॅट केल्याने पुस्तकाची पानं जळत नाहीत, फक्त अनुक्रमणिका फाटते. पानं आतच असतात, पण त्यांच्यावर दुसरं काही छापलं गेलं की गेलीच. आमचा ६० एमबीचा खेळ कितीतरी पानांवर छापला गेला होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या काकांनी एका प्रोग्रामच्या मदतीने थोड्या फाइली परत मिळवल्या. उघडल्या तर नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं! कारण मराठीचा फॉन्टही त्याच डिस्कबरोबर गेला होता. नशीब, आत्याकडे फॉन्टची फ्लॉपी होती. तो टाकला आणि शब्द दिसू लागले. आज युनिकोडमुळे असा प्रसंग येत नाही.

पण सुमारे तीनशे शब्द गेले ते गेलेच. आबांना त्यांतले काही आठवले. बाकीचे सांगणारी माणसं तोवर देवाघरी गेली होती.

आबांनी शिक्षा दिली ती अशी. उरलेल्या सुट्टीत रोज दोन तास ते सांगणार आणि आम्ही दोघांनी टाइप करायचं. तेव्हा ते एकदा म्हणाले, “बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या गायच्या, आणि सोपानदेवांनी ते कागदावर उतरवून ठेवलं होतं. म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तक निघालं. गाणं एकाच ठिकाणी राहिलं असतं तर काय झालं असतं?”

सुट्टी संपताना आम्ही ती सगळी यादी फ्लॉपीवर उतरवली. आणि मित्रांनो, मला तेव्हा पहिल्यांदा खरी लाज वाटली. खेळाला लागत होत्या ४२ फ्लॉप्या. आबांची जन्माची मेहनत एका फ्लॉपीत मावली, वर जागाही उरली! पाच मिनिटांचं काम आम्ही आधी केलं असतं तर?

तुम्ही कॉम्प्युटर जरूर उघडा. घरातल्या मोठ्यांना विचारून, वायर भिंतीतून काढून, आतल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून. वायरी कुठून कुठे जातात याचं चित्र आधी वहीत काढा. जुना जाड मॉनिटर आणि वीज पुरवणारा डबा मात्र कधीही उघडू नका. बंद केल्यावरही त्यांत धोकादायक वीज साठलेली असते. आणि कॉम्प्युटर नसेल तरी हा धडा तुमचाच आहे. एका मोबाइलचं मेमरी कार्ड दुसऱ्यात घालता ना? तिथेही तोच प्रश्न पडद्यावर येतो, “फॉरमॅट करू?”

तेव्हा “हो” म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहा. आकडा कुणाचा आहे, आणि आतल्या मजकुराची दुसरी प्रत कुठे आहे. डिस्क सुरतेच्या बाजारातून कधीही आणता येते. आबांचे तीनशे शब्द कुठल्याच बाजारात मिळाले नाहीत.

आबा आज नाहीत. त्यांची यादी तीन ठिकाणी आहे. माझ्याकडे, दादाकडे, आणि शहाद्याला आत्याच्या कपाटात, कागदावर छापलेली.