घाट आला, एसी बंद कर

चिपळूणहून कराडला परतताना पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटाचा चढ सुरू झाला, की मागच्या सीटवरून आई म्हणायची, "घाट आला, एसी बंद कर." मी एसी बंद करायचो, ती काच खाली घ्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. गाडीत आम्ही पाच माणसं, डिकीत आईच्या माहेरचे नारळ, कोकमं, मे महिन्यात फणस, आणि बॉनेटखाली १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. एवढं सगळं घेऊन चढायचं तर एसीचा भार त्याला झेपायचा नाही.

इंजिन फियाटचं, १.३ मल्टिजेट. एके काळी फियाट, टाटा आणि मारुती, तिघांच्याही गाड्यांत हेच असायचं. गाड्यांची आवड असलेली मंडळी त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. माझ्याकडचं ७५ पीएसचं. टॉर्क १९० न्यूटन मीटर, तोही २००० आरपीएमला. हायवेवर त्याच्यासारखं गुणी इंजिन नाही. पण काटा २००० च्या खाली आला की ते झोपी जातं. टर्बोची चक्री फिरते ती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर. इंजिन सावकाश फिरत असलं की वायू कमी, चक्री मंद, हवा कमी. घाटातल्या वळणावर समोर एसटी असली की वेग उतरतो, दुसऱ्या गिअरमध्ये काटा १५०० वर येतो, पाय पूर्ण दाबला तरी गाडी हलत नाही. एक, दोन, तीन मोजावे लागतात. मग एकदम लाथ बसल्यासारखी पुढे झेपावते, तोवर पुढचं वळण आलेलं असतं. पहिला टाकला तर इंजिन किंचाळतं. दुसरा ठेवला तर मरतं. मला वेगाची हौस नव्हती. त्या तीन आकड्यांची भीती वाटायची, कारण शेजारून उतरणारा ट्रक ते मोजत थांबत नाही.

म्हणून २०१७ मध्ये रिमॅप करायचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून घ्यायचं ठरवलं. ओळखीच्या ओळखीतून एक गॅरेज सापडलं. आठ हजार रुपये, काम अर्ध्या तासाचं. त्या माणसाने स्टिअरिंगखालच्या पोर्टला वायर लावली, लॅपटॉपवर एक फाइल निवडली आणि गाडीत टाकली. गाडी किती चालली आहे, कशी चालते, काहीच विचारलं नाही. "स्टेज वन आहे, रॉकेट होईल," म्हणाला. जाता जाता "इजीआरही बंद करून टाकू का?" असंही विचारलं. प्रदूषण रोखणारी ती यंत्रणा बंद करायला मी नको म्हटलं, तेवढी एक बुद्धी झाली.

गाडी पळायला लागली खरी. आठवडाभर मी खूश होतो. मग चौथ्या गिअरमध्ये जोर लावला की काटा वर जाऊ लागला आणि वेग तिथेच. क्लच घसरत होता. जळक्या लायनिंगचा वास केबिनमध्ये यायचा. तरीही मी मनाशी म्हणत होतो, क्लच जुना झाला असेल.

त्या गणपतीत आम्ही घाट चढत होतो. एका एसटीला ओलांडायला मी पाय दाबला, गाडी सुटली, आणि सहज आरशात पाहिलं. मागे काळा लोट. काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा. त्या लोटातून एक मोटरसायकल बाहेर आली. चालवणाऱ्याने एका हाताने हँडल धरलं होतं आणि दुसरा हात मागे नेऊन बायकोच्या मांडीवरच्या पोराच्या तोंडावर ओढणी ओढत होता. मी पाय काढला. वर पोहोचेपर्यंत पुन्हा कुणालाही ओलांडलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं? सांगता आलं नाही.

परतल्यावर मी दुसरा ट्यूनर शोधला, तो पिंपरी-चिंचवडच्या बाजूला भेटला. त्याच्या वडिलांचं डिझेल पंप आणि नोझलचं वर्कशॉप होतं. पूर्वी ट्रकवाले तिथे पंप वाढवून घ्यायला यायचे. पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की डिझेल जास्त, जोर जास्त, धूरही जास्त. "तोच स्क्रू आता लॅपटॉपमध्ये आलाय, दादा," तो म्हणाला. "फक्त एकाच्या जागी हजारो स्क्रू झालेत."

त्याने स्क्रीनवर मला एक तक्ता दाखवला. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला पायाचा दाब, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: सिलिंडरमध्ये दर वेळी किती मिलिग्रॅम डिझेल सोडायचं. असाच तक्ता टर्बोच्या दाबाचा, रेलमधल्या दाबाचा, डिझेल कोणत्या क्षणी सोडायचं त्याचा. आणि एक तक्ता धुराचा: हवा जितकी आत आली असेल, त्याहून जास्त डिझेल देऊ नकोस, असं इंजिनाला सांगणारा. माझ्या गाडीत भरलेल्या फाइलमध्ये हा तक्ता जवळजवळ उघडा सोडलेला होता. डिझेल इंजिनात जोर वाढवायचा म्हणजे डिझेल वाढवायचं. पण त्या डिझेलला पुरेल एवढी हवा नसली की उरलेलं काजळी होऊन बाहेर पडतं, एक्झॉस्ट तापतो, आणि तो ताप पिस्टनला आणि टर्बोला सोसावा लागतो.

मला वाटलं होतं, तो लगेच नवी फाइल भरेल. त्याने जुनी भरली. कंपनीची, मूळची. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, चला, तिसरा गिअर, १५०० पासून पाय पूर्ण. तीन वेळा तसं करायला लावलं. परत येऊन त्याने दोन रेषा दाखवल्या. एक इसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, मागितलेला टर्बोचा दाब, दुसरी प्रत्यक्ष मिळालेला. दुसरी रेष सगळीकडे खाली. इसीयू २.१ बार मागत होता, मिळत होता १.७.

"हवा कुठेतरी गळतेय."

गाडी वर घेतली. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या क्लॅम्पपाशी तेलकट काळा थर जमला होता. त्याने चिंधीने तो पुसला, होज हातात पिळला, आणि बोटभर चीर उघडी पडली, ओठ उघडावेत तशी. क्लॅम्पखाली दडलेली, एरवी दिसलीच नसती. दाब आला की उघडायची, दाब गेला की मिटायची. म्हणजे मला घाटात जो दम कमी वाटत होता, त्यातला काही भाग या चिरेतून निघून जात होता. कदाचित वर्षभर, कदाचित त्याहून जास्त. आणि अशा आजारी गाडीवर मी जास्तीच्या डिझेलची फाइल चढवली होती.

होज नवा टाकला. एअर फिल्टर बदलला. क्लच किट टाकलं, ते मात्र महाग पडलं. मग त्याने मला सांगितलं, पाचशे किलोमीटर चालवून या, मग बघू. मी म्हटलं, पण मॅपचं काय? "आधी कंपनीने दिली तशी गाडी होऊ दे. तिला ओळखा."

ते पाचशे किलोमीटर मला आजही महत्त्वाचे वाटतात. गाडी बरीच सुधारली होती. पुष्कळ लोकांना रिमॅप नको असतो, होज हवा असतो, असं मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

पुन्हा गेलो तेव्हा मी माझी मागणी सांगितली: १३०० आरपीएमला जोर द्या. तो नाही म्हणाला. या इंजिनाच्या ९० पीएसच्या आवृत्तीत टर्बोच्या पाती हलतात, कमी वायूतही चक्री लवकर वेग घेते. माझ्याकडच्या टर्बोला तशी सोय नाही. "मी तक्त्यात आकडा लिहीन दादा, पण आकडा लिहिला म्हणून हवा येत नाही. हवा नसताना डिझेल दिलं की परत तोच धूर." शिवाय इतक्या खाली जास्त टॉर्क दिला की मार बसतो कनेक्टिंग रॉडला आणि क्लचला. १८०० पासून पुढे चांगला देतो, चढता ठेवतो, लाथ बसणार नाही. कमाल टॉर्क २३० च्या आसपास थांबवतो. मी विचारलं, यापेक्षा जास्त निघेल का? "निघेल. मी काढणार नाही."

मग कंपनी एवढं शिल्लक का ठेवते? त्याचं उत्तर माझ्या मनात बसलं. एकच फाइल लेहच्या विरळ हवेतही चालायला हवी आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातही. कुणी भेसळीचं डिझेल भरतो, कुणी सर्व्हिसिंग दुप्पट लांबवतो, कुणी थंड इंजिन पिळतो. कंपनीने या सगळ्यांसाठी गाठीशी बांधून ठेवलेली ती शिदोरी. त्यातली थोडी आपण काढून घेतो, तेव्हा तेवढी काळजी आपल्याकडे येते. त्याने मला तेल पंधरा हजारांऐवजी दर आठ हजारांना बदलायला सांगितलं, घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करायला सांगितलं. वॉरंटी केव्हाच संपली होती. विमा कंपनीला मी स्वतःहून लेखी कळवलं.

फाइल लिहिण्याची पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्याने बॅटरीला चार्जर जोडला, कारण लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर इसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. पंखा, दिवे, रेडिओ सगळं बंद. दरवाजाही उघडू नका म्हणाला. इग्निशन ऑन. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, रेडिएटरचा पंखा अचानक पूर्ण वेगात सुटला आणि मी दचकलो. स्क्रीनवर टक्के सरकत होते. ३१. ३२. मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढीही नसेल ती फाइल, आणि आमचा सगळा प्रवास तिच्यावर. शंभर झाले, पंखा थांबला. त्याने किल्ली काढली, थोडं थांबला, मग माझ्या हातात दिली. "तुम्हीच चालू करा."

पहिल्या सेल्फला इंजिन घुमलं.

तिथून परस्पर पीयूसी केंद्रावर गेलो. पाय दाबून दाबून त्या पोराने धूर मोजला, सगळी रीडिंग मर्यादेच्या पुष्कळ आत. तो कागद मी जपून ठेवला आहे; मूळ फाइलचा पेनड्राइव्ह आणि तो, दोन्ही ग्लव्ह बॉक्समध्ये एकत्र असतात.

पुढच्या जुलैत चिपळूणहून निघालो. पाऊस असा की वायपर पुरत नव्हते. पोफळी गेली. आईने सवयीने काचेच्या बटणाला हात लावला आणि म्हणाली, "घाट आला रे, एसी बंद कर."

"राहू दे आई. काच वर असू दे, पाऊस आत येईल."

पहिल्या मोठ्या वळणावर समोर एसटी होती. काटा १८०० वर, दुसरा गिअर. मी पाय दाबला आणि मोजायला सुरुवात केली. एक म्हणेपर्यंत गाडी उचलत होती. वळण सरळ झालं, समोर रस्ता मोकळा दिसला, एसटीच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून खूण केली. पुढे निघालो आणि मी आरशात पाहिलं. मागे पांढरा पाऊस होता आणि त्यात एसटीचे दोन पिवळे दिवे, स्वच्छ.