हिशेबापुरतं बोलणारा

2001 सालच्या उत्तरार्धात आयर्लंडच्या घराघरांत एक पाहुणा येऊन दाखल झाला. दारात त्याच्यासाठी पैसे मोजावे लागले नाहीत, ते आधीच करातून मोजून झाले होते. हातात मावेल एवढा देह, आकड्यांची बटणं, वर एक अरुंद पडदा. पौंडाचा आकडा द्यावा आणि युरोचा घ्यावा, युरोचा द्यावा आणि पौंडाचा घ्यावा, एवढीच त्याची विद्या. डब्लिनमधला वकील, कॉर्कमध्ये किराणा दुकान चालवणारी बाई, डोनेगलच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार, सगळ्यांकडे तोच आला. त्याला धाडलं होतं ‘युरो चेंजओव्हर बोर्ड ऑफ आयर्लंड’ने, म्हणजे चलनबदलाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला सरकारने नेमलेल्या मंडळाने. सोबत माहितीपुस्तिकाही होती, पण मला आवडतो तो हा युरो कन्व्हर्टर. जुन्या पेढीवरच्या गुमास्त्यासारखा: विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं की पैशापर्यंत चोख सांगायचं.

त्याच्या पोटात एकच आकडा होता: 0.787564. एका युरोचे इतके आयरिश पौंड. 31 डिसेंबर 1998 रोजी हा दर कायमचा बांधला गेला, आणि त्याच्याशी कसं वागायचं याचा युरोपीय कायदा आधीच झालेला होता. सहा आकडे पुरते घ्यायचे, एकही गाळायचा नाही, आणि दर उलटा करून सोयीचा गुणाकारही करायचा नाही. पौंडाचे युरो करायचे तर 0.787564 ने भागायचंच. ‘एक पौंड म्हणजे एक युरो सत्तावीस सेंट’ हे बोलायला सोपं, म्हणून लोक सर्रास तसंच म्हणत. पावाच्या लादीला त्याने काही बिघडत नाही. पण दीड लाख पौंडांचं घर घ्या. 1.27 ने गुणलं तर 1,90,500 युरो होतात, नियमाने भागलं तर 1,90,460 युरो आणि 71 सेंट. एकोणचाळीस युरोंचा फरक पडला. हा फरक एका घरात नाही, देशातल्या प्रत्येक कर्जात, प्रत्येक पगारात, प्रत्येक पेन्शनमध्ये पडला असता, आणि कुणाच्या तरी खिशातून गेला असता. सहा आकड्यांचा भागाकार डोक्यात करणारी माणसं कुठल्याही देशात थोडीच. उरलेल्यांसाठी हा होता.

त्याला स्वतःचं मत नव्हतं, आणि माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. युरो चांगला की वाईट, युरोपच्या एकीचं काय होणार, यातलं काही त्याला विचारता येत नव्हतं. आयर्लंडमध्ये या गुणाची किंमत जरा जास्तच होती. ज्या मास्ट्रिक्ट कराराने सामायिक चलनाची वाट मोकळी केली, त्यावर आयरिश मतदारांनी 18 जून 1992 रोजी सार्वमतात मोठ्या बहुमताने होकार दिला. सरकारने करदात्यांच्या पैशाने एकाच बाजूचा प्रचार करावा का, हा प्रश्न पॅट्रिशिया मकेना यांनी तेव्हाच न्यायालयात नेला होता. तेव्हा त्या हरल्या. घटस्फोटाच्या सार्वमताआधी, नोव्हेंबर 1995 मध्ये, त्याच प्रश्नावर त्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. सार्वमतात एका बाजूच्या विजयासाठी सरकारी तिजोरी उघडणं घटनाबाह्य आहे, असं न्यायालयाने ठरवलं. दोन्ही बाजूंचे नागरिक त्याच तिजोरीत भर घालतात, मग ती एकाच्या विरोधात कशी वापरायची?

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. निर्णय व्हायचा असतो तेव्हा सरकारी पैशाने दोन्ही पारडी सारखी धरावीत. निर्णय होऊन गेला की त्याच पैशाने लोकांना त्या निर्णयासह जगायला मदत करावी. 2001 साली प्रश्न ‘युरो हवा का’ हा उरलाच नव्हता. प्रश्न होता, ‘जानेवारीत दूध घ्यायला गेल्यावर मी फसणार तर नाही ना?’ आमचा गुमास्ता या दुसऱ्या प्रश्नावर नेमलेला होता.

त्याचे मोठ्या आवाजाचे भाऊबंदही त्याच सुमारास कामाला लागले होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ‘युरो 2002’ मोहिमेसाठी 8 कोटी युरो ठेवले होते. दूरचित्रवाणीवर, वर्तमानपत्रांत जाहिराती झळकल्या, ‘युरो, आपला पैसा’ असं घोषवाक्य होतं. खऱ्या नोटा कशा दिसतात, खोटी कशी ओळखायची, हे त्यांनी दाखवलं आणि ते आवश्यकच होतं. ‘आपला पैसा’ हे मात्र जाहिरातीने पटत नाही, ते वापरून पटतं. नेदरलँड्सने जे केलं ते मला अधिक शहाणपणाचं वाटतं. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला आठही नाण्यांचा एकेक नमुना फुकट दिला, एकूण 3 युरो 88 सेंट. शाळकरी पोरसुद्धा नाणं बोटांनी चाचपून ओळखू लागलं.

1 जानेवारी 2002 ला आमच्या पाहुण्याची खरी कसोटी सुरू झाली. 9 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंत पौंडही चालणार होता, पण दुकानदाराने सुट्टे शक्यतो युरोतच परत द्यायचे होते. समजा, 13 युरो 50 सेंटचं बिल झालं आणि गिऱ्हाइकाने वीस पौंडांची नोट पुढे केली. वीस पौंडांचे झाले 25 युरो 39 सेंट, परत द्यायचे 11 युरो 89 सेंट. मागे रांग, हातात अनोळखी नाणी. अशा वेळी पडद्यावरचा आकडा दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही सारखाच दिसावा, यातून भांडणं किती टळली असतील!

शिवाय आयर्लंडची अडचण इटलीच्या उलटी होती. तिथे एका युरोला 1936.27 लिरा पडत होत्या, त्यामुळे अठरा लाखांचा पगार एका रात्रीत साडेनऊशेच्याही खाली आल्यासारखा दिसला. आयर्लंडमध्ये युरो पौंडाहून लहान, म्हणून प्रत्येक किंमत फुगलेली दिसायची. चाळिशी ओलांडलेल्यांना 15 फेब्रुवारी 1971 चा दिवसही आठवत होता, ज्या दिवशी पौंडाचे 240 पेनी जाऊन शंभर झाले. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे हा हिशेब लोकांना तक्त्यांवरून जुळवावा लागला. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एका नव्या पैशाच्या नाण्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असं कोरलेलं होतं. जनतेच्या पैशाची इतकी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही. नाणं स्वतःच स्वतःची ओळख सांगत होतं.

आमच्या पाहुण्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दुकानदाराने भाव वरच्या पूर्ण आकड्यावर नेला तर तो ते रोखू शकत नव्हता, फक्त दाखवू शकत होता. उपाहारगृहांत, केशकर्तनालयांत तसं घडलंही, आणि युरोने महागाई आणली ही भावना युरोपभर पसरली. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाच्या अंदाजाने चलनबदलामुळे झालेली वाढ 0.3 टक्क्यांच्या आतच होती. पण रोज कॉफी पिणाऱ्याला सरासरी कोण सांगणार? त्याने कॉफीचा नवा भाव आमच्या पाहुण्याला विचारला, जुन्याशी ताडून पाहिला, आणि राग योग्य जागी, म्हणजे त्या दुकानदारावर काढला, तर ती माहितीची मोहीम यशस्वी झाली असंच मी म्हणेन. नागरिकाच्या हाती तपासायचं साधन देणं हे सरकारी पैशाचं चांगलं काम आहे, मग त्या तपासणीतून सरकारची अडचण झाली तरी.

यापुढे ज्या देशात युरो येईल, तिथल्या अर्थमंत्र्यांनी जाहिरातीचं बजेट ठरवण्याआधी घरटी एक असा गुमास्ता पाठवावा. आयर्लंडमधल्याचं ज्ञान अजून शिळं झालेलं नाही. डब्लिनची मध्यवर्ती बँक जुने आयरिश पौंड आजही बदलून देते, त्याला मुदत नाही, आणि दर तोच आहे: 0.787564.